एक्याण्णव टाके

"छाती साडेबावीस. लांबी पंधरा. बाही साडेबारा. डोकं एकवीस. पाऊल साडेसात."

खोतमास्तर वर्गात हजेरी घ्यावी तशी मापं वाचत होते. गोदाक्का उशीला टेकून ऐकत होती आणि प्रत्येक मापाला खुलत होती.

"पाऊल साडेसात? बया! मागल्या खेपेला सात हुतं न्हवं?"

"वाढतंय आता," मास्तर कागदाकडेच बघत म्हणाले.

"तुमच्यावर गेलीया. माझ्या माहेरात एवढं पाऊल कुनाचं न्हाई."

"हो."

"आनि डोकं एकवीस! हुशार हुनार, बघा. पद्मा, ऐकलंस का गं?"

ऐकलं होतं. मी शेजारच्याच खाटेवर होते आणि भेटीच्या तासाला मला कुणी येत नसे, त्यामुळे मी दुसऱ्यांच्या भेटी ऐकायची.

ही छप्पन सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मिरजेपासून बऱ्याच आत, उघड्या माळावर क्षयरोग्यांचं एक आरोग्यधाम होतं. त्यातल्या बायकांच्या वॉर्डात चौदा खाटा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन ते चार भेटीची वेळ, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फाटकाच्या आत बंदी. गोदाक्काला येऊन दोन वर्षं झाली होती. आली तेव्हा शालन पाच वर्षांची होती. तेव्हापासून तिनं पोरीला पाहिलं नव्हतं. मास्तर विट्याच्या पलीकडून, तीन एस.टी. बदलून, दर तीन महिन्यांनी येत आणि येताना पोरीची मापं आणत. गोदाक्काला पोर दिसायची ती त्या पाच आकड्यांत.

मला माणसं मोजायची खोड आहे. जयसिंगपूरला आमचं किराणा दुकान होतं, तिथली सवय असेल. कुणाचा नवरा किती वेळा आला, किती वेळ बसला, खुर्ची खाटेपासून किती लांब ओढून बसला, हे सगळं मला पाठ असे. आमच्या वॉर्डात नवऱ्यांच्या खुर्च्या वर्षाला वीतभर मागे सरकत. माझ्या नवऱ्याची सहा महिन्यांतच दाराबाहेर गेली होती. मास्तरांची मात्र जागची हलली नव्हती, म्हणून ते मला आवडत. पण गेल्या तीन खेपा हा माणूस मापं वाचताना बायकोकडे बघत नव्हता, हेही मी टिपून ठेवलं होतं.

विणायला आम्हाला सकाळी एक तास परवानगी होती. जास्त हात हलवला तर रूथ सिस्टर सुया काढून घेत. नमुने मी काढायची. विणण्यात गोदाक्का माझ्यापेक्षा कितीतरी वरचढ, पण कुठल्या अंगाला किती टाके, कुठली वीण कुठे बसवायची हा हिशेब माझा. साबुदाण्याची वीण, मधाच्या पोळ्यासारखी वीण, दोरखंडासारखी उठून दिसणारी वेणी. शालनच्या स्वेटरसाठी मी वेणीचा नमुना काढला होता. वेणीचे सहा टाके, तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन उलट, आणि दोन वेण्यांच्या मधे साबुदाण्याचे तीन. असा तेरा टाक्यांचा एक घास, तोच पुन्हा पुन्हा घ्यायचा. त्याच विणीची टोपी, त्याच विणीचे मोजे.

कागदावर नमुना कसा शिस्तीत असतो. अंगावर आणायला गेलं की बिघडतं. तेराचे सहा घास घेतले की आठ टाके उरतात, सात घ्यायला गेलं की पाच कमी पडतात. माझ्या हाताखाली आठ बायका विणत होत्या, पण कुणाच्या पोराचं, कुणाच्या भावाचं माप माझ्या नमुन्यात पुरतं बसलं असं कधी झालं नाही. उरलेले टाके बगलेत साधे उलट घालून लपवायचे. गोदाक्का मला त्यावरून चिडवायची, "तुझा नमुना देवानं बघितलेला न्हाई गं, न्हाईतर मानसं मापात केली असती."

फेब्रुवारीतलं तिचं पहिलं स्वेटर पुरं होऊन घरी गेलं होतं. नंतर तिला ताप येत राहिला. विणकाम अर्धं व्हायचं तोवर नवं माप यायचं, आणि ती हसत हसत सगळं उसवायची. "वाढती कार्टी," म्हणायची. तीच लाल लोकर दोनदा उसवली होती.

त्या रविवारी गोदाक्का जास्तच आनंदात होती, कारण यादी लागली होती. जानेवारीत मुंबईहून मोठे शल्यविशारद येणार होते. ते वर्षातून एकदाच येत आणि बायकांच्या वॉर्डातली सहा ऑपरेशनं करत. बरगड्या काढून फुप्फुसाची सडकी बाजू कायमची मिटवायची. औषधं तेव्हा आली होती, पण आम्हा काही जणींना लागू पडत नव्हती. आमच्यासाठी हाच शेवटचा रस्ता. यादीत गोदाक्का तिसरी होती. मी सातवी.

"सातवी म्हणजे पुढच्या वर्षीची पहिली," रूथ सिस्टर मला म्हणाल्या होत्या.

"तोवर फुप्फुसाला कळवून ठेवा सिस्टर, थांब म्हणून," मी म्हणाले होते.

गोदाक्का मास्तरांना सांगत होती, "जानेवारीत टेबलावर. मेपतोर उठून बसनार. जूनला शालूची शाळा सुरू हुईल तवा वेनी घालायला मी घरात. सिस्टर म्हनल्यात."

"हो," मास्तर म्हणाले. "नक्की."

मी माझी वही काढली. नव्या मापाचे टाके काढायचे होते. जुन्या मापांखाली नवी लिहिली आणि थांबले. छाती एकवीस, साडेएकवीस, बावीस, साडेबावीस. बाही अकरा, साडेअकरा, बारा, साडेबारा. डोकं साडेएकोणीस, वीस, साडेवीस, एकवीस. पाऊल सहा, साडेसहा, सात, साडेसात. फेब्रुवारीपासून प्रत्येक खेपेला, प्रत्येक अवयव, अर्धा इंच. शिडी लावल्यासारखं.

मला राग आला. दोरी लावून पोरीला मोजायचा एवढा कंटाळा या माणसाला! एकदा माप घेतलं आणि नंतर शाळेत बसून अर्धा-अर्धा मिळवत गेला. चार वाजता भेटीची घंटा झाली, मास्तर निघाले, आणि मी शाल लपेटून मागच्या दारानं फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. एस.टी. साडेचारला यायची.

"मास्तर, एकवीस इंच डोकं माझं आहे."

ते दचकले. "काय म्हणालात?"

"माझ्या डोक्याचा घेर एकवीस इंच आहे. तुमची शालन सात वर्षांची."

ते फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघायला लागले.

"पोरं अशी सगळीकडून सारखी वाढत नाहीत हो. हातापायानं वाढतात. छाती मागे राहते. डोकं तर पाच वर्षांनंतर वाढतंय की नाही तेही कळत नाही. तुम्ही मापं घेतच नाही. ती बाई एकेक टाका त्या कागदावरून घालते, दोनदा उसवलंय तिनं. मास्तर आहात, दोरी धरायचा एवढा आळस?"

"शालन नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे? आजीकडे ठेवलीय?"

"नाही." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मार्चमधे गेली. घटसर्प झाला. दोन दिवसांत गेली. तालुक्याला नेईपर्यंत..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. "इथल्या मोठ्या डॉक्टरांना लिहिलं होतं मी. ते म्हणाले, ऑपरेशन होऊन उठून बसेपर्यंत कळू देऊ नका. आत्ता कळलं तर ती टेबलावर टिकणार नाही. मेमधे मी आलो, न सांगता बसणार होतो. तिनं विचारलं, माप कुठाय."

माळावर वारा सुटला होता. फाटकापलीकडे कुणाची तरी मेंढरं चालली होती. मी रडणाऱ्यांतली नाही. मी हिशेब करायला लागले. जानेवारीपर्यंत दोन महिने होते. गोदाक्का भोळी नव्हती. आनंदात होती म्हणून मोजत नव्हती, एवढंच. एकवीस इंच डोक्याच्या टोपीचे टाके घालायला बसली की तिलाही कळणार होतं.

"तो कागद द्या," मी म्हणाले.

"कशाला?"

"असं खोटं चालत नाही, मास्तर. खोटंसुद्धा मापात पाहिजे. लिहून घ्या. घरी गेल्यावर तिला पत्र टाका. म्हणावं, मागची मापं घाईत घेतली, फीत फाटकी होती. पुन्हा घेतली. छाती साडेबावीस सांगून बसलात, ती मागे आणता येत नाही. पावणेतेवीस करा. पाव इंच. बाही तेरा. लांबी सव्वापंधरा. पाऊल सात. डोकं वीस."

ते शाळामास्तर होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून निमूटपणे लिहून घेतलं. मग म्हणाले, "डोकं कमी कसं झालं म्हणायचं?"

"केस कापले म्हणा. उवा झाल्या होत्या."

त्यांनी लिहिलं, "उवा." आणि मग पेन्सिल तशीच धरून म्हणाले, "तिच्या केसांत कधी उवा नव्हत्या हो."

"आता होत्या," मी म्हणाले.

पत्र आठ दिवसांत आलं. गोदाक्कानं ते तीनदा वाचून दाखवायला लावलं. "उवा! बघनारं कोन हाय तितं. त्या मानसाला फनी तरी धरता येती का?" मी तिला टाके काढून दिले. पुढचा भाग, शिवणीचे सोडून, एक्याण्णव. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला तिनं व्हरांड्यात बसून टाके घातले. खालचा पट्टा एक सुलट एक उलट विणण्यात पाच-सहा दिवस गेले. मग वेण्या सुरू झाल्या.

ती वेण्यांच्या चौथ्या ओळीवर होती. मी शेजारी बसून दुसऱ्या एकीचा मोजा सोडवत होते.

"पद्मा, एक्याण्णव न्हवं?"

"हो."

"सात वेन्या. एक बी अर्धी न्हाई."

"छान बसलंय या खेपेला."

"उरलं किती?"

"काही नाही उरलं."

"काईच न्हाई," ती म्हणाली. सुया चालू होत्या. "बगलेला एक टाका न्हाई."

मी मोज्यात डोकं घातलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं मी काय केलं ते. छाती किती वाढवावी म्हणून त्या बाकावर मी पाव इंच म्हणाले होते. पोर पाव इंच वाढते म्हणून नाही. पावणेतेवीसला माझा नमुना बसतो म्हणून. माझ्या हातानं पोर बनवायची वेळ आली तेव्हा मी ती माझ्या वहीतून बनवली होती.

"हे माप पोरीचं न्हाई," गोदाक्का म्हणाली. "नमुन्याचं हाय."

"योगायोग असेल, अक्का."

"मास्तरास्नी नमुना ठावं न्हाई. तुला हाय." दोन टाके. "आनि उवा बी तुझ्याच. त्यास्नी सुचायच्या न्हाईत."

मी हातातला मोजा खाली ठेवला. 

"कवा?"

"मार्चमधे."

"कशानं?"

"घटसर्प."

"जवळ कोन हुतं?"

"मास्तर होते."

तिनं ओळ पुरी केली. विणणारी बाई ओळीच्या मधे थांबत नाही. मग तिनं सुया पालटल्या, विणकाम मांडीवर ठेवलं आणि अंगणातल्या निलगिरीकडे बघत बसली. ओरडेल, कोसळेल, रक्त पडेल, असं वाटून मी अर्धी उठले होते. तिनं माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"मी टेबलावर जानार न्हाई, पद्मा."

"वेड लागलंय का? अक्का, ऑपरेशन नाही केलंस तर मरशील."

"ते कळतंय मला. आनि केलं तर बरी हुईन. बरी झाले तर घरी जानार. घरी शालू हाय का?"

"नाही."

"हितं हाय. मास्तर तीन महिन्यांनी येतात, माप आनतात. पोरगी वाढती. चौथीत जाईल, पाचवीत जाईल. मी घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की ती मेली."

"मी मोठ्या डॉक्टरांना सांगते."

"सांग की." ती शांतपणे म्हणाली. "ते मास्तरास्नी बोलावतील. मास्तर हितं खुर्चीवर बसून रडतील. त्या दिवशी मरल शालू. आज तर जित्ती हाय. तुला सांगायचं आसंल तर सांग."

रूथ सिस्टर घंटा वाजवत आल्या. तास संपला होता. गोदाक्कानं विणकाम पिशवीत घातलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मास्तरास्नी सांगू नको मला कळलं म्हनून. त्यास्नी तेवढंच करता येतंय माझ्यासाठी. आनि पुढच्या खेपंला माप नीट दे. टाके उरू देत."

दोन दिवसांनी तिनं सिस्टरना सांगितलं की तिला भीती वाटते, ऑपरेशन नको. सिस्टरनी समजावलं, रागावल्या, बायबलातलं काहीतरी वाचून दाखवलं. मोठे डॉक्टर दोनदा येऊन बसले. गोदाक्का मान खाली घालून एकच म्हणायची, "भ्या वाटतंय." जिनं तीनदा फुप्फुसात सुई घालून घेताना हूं केलं नव्हतं, तिला भीती वाटते, हे कुणालाच पटलं नाही. पण बाई नको म्हणते म्हटल्यावर करणार काय.

सिस्टर मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या. "पद्मा, तुझं ऐकते ती. तू समजाव. कशाला घाबरलीय ते तरी काढून घे."

"माझंही ऐकत नाही, सिस्टर," मी म्हणाले.

सांगायला माझ्याजवळ पाच आठवडे होते. रोज सकाळी डॉक्टर माझ्या खाटेशी थांबत, छाती ऐकत, काही त्रास का विचारत. मी नाही म्हणायची.

जानेवारी आला, ऑपरेशनं झाली, मुंबईचे डॉक्टर गेले.

त्यानंतर दीड वर्ष मी शालन वाढवली. मास्तर यायच्या आधी मी त्यांना पत्रानं मापं कळवायची, आणि ते ती कागदावर उतरवून आणून वाचायचे. टाके उरावेत म्हणून मी अंदाज सोडून दिला. जयसिंगपूरला माझ्या भावाची पोर त्याच वयाची होती. वहिनीकडून तिची मापं मागवायला लागले. वहिनीचं दर वेळी उलट टपाली विचारणं, "स्वेटर कधी होणार?" ती पोर उन्हाळ्यात उंच झाली की शालन उंच व्हायची. तिला गोवर आला त्या पावसाळ्यात शालनची छाती वाढलीच नाही. गोदाक्कानं ते माप ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. दुकानात गिऱ्हाइकाला माल पसंत पडला की हलवतात तशी.

मास्तरही सुधारले. सुरुवातीला मी सांगेन तेवढंच बोलत. मग स्वतःहून भर घालायला लागले. शालनचा पुढचा दात पडला. कवितेत पहिला नंबर आला. शेजारच्या रुक्मीशी भांडण झालं, आता बोलत नाहीत. पुढच्या खेपेला बोलायला लागल्या. गोदाक्का प्रश्न विचारायची आणि मास्तरांना कधी अडखळावं लागायचं नाही. त्या तासाला त्या दोघांची खुर्ची आणि खाट यांत हातभर अंतर नसे. वॉर्डातल्या बायका माना वळवून बघत. इतकं बोलणारं जोडपं तिथे दुसरं नव्हतं.

या दीड वर्षात तिनं दोन स्वेटरं, दोन टोप्या आणि मोज्यांचे दोन जोड विणले, तिसरा सुयांवर होता. शेवटी शेवटी तिला पाच ओळींच्या वर जमत नसे. तिच्या वेण्या तेव्हाही अशा उठून दिसायच्या की हात लावावासा वाटे. माझ्या नमुन्यांनी तिच्याएवढे चांगले हात पुन्हा पाहिले नाहीत.

अठ्ठावन्नच्या जुलैत एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता.

"आता छाती किती?"

"सव्वाचोवीस."

"उरले?"

"सहा."

"बरं," ती म्हणाली. दुपारी, विश्रांतीच्या तासात, ती गेली. तिसऱ्या मोज्यांच्या जोडातला एक पुरा होता. दुसऱ्याची टाच मी वळवून दिली, इतकंच मला करता आलं.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले. सगळं आटोपून संध्याकाळी ते त्याच बाकावर बसले होते. मी तिचं गाठोडं घेऊन गेले. जंतू मरावेत म्हणून वाफेतून काढलेली स्वेटरं, टोप्या, मोजे. त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ त्याच्या गाठीशी चाळा करत राहिले.

"तिला कळलं होतं का हो कधी?"

"नाही," मी म्हणाले. "शेवटपर्यंत नाही."

"बरं झालं. निदान तेवढं तरी." त्यांनी चष्मा पुसला. "तुमचे उपकार आहेत, पद्माताई. तुम्ही नसतात तर मला जमलं नसतं."

मी गाठोड्याची सैल झालेली गाठ घट्ट केली.

"डॉक्टर आत्ता म्हणाले मला, ऑपरेशन केलं असतं तर जगली असती. त्या वेळच्या सहाजणींतल्या सहाही जगल्या म्हणे. पाच आपापल्या घरी गेल्या."

"हो."

"आणि सहावी?"

"सहावी मी. मला घरी कुणी नेलं नाही, म्हणून इथेच विणकाम शिकवायला ठेवून घेतलं."

"तुम्ही?" ते माझ्याकडे बघायला लागले. "पण तुमचं नाव नव्हतं ना यादीत. तुम्ही सातव्या होतात. गोदानं सांगितलं होतं मला."

"सातवी होते."

ते मास्तर होते. सहातून एक वजा आणि त्यात एक मिळवलेला, एवढं गणित त्यांना यायला वेळ लागला नाही. मला वाटलं, आता विचारतील. मी तयार होते. पाच आठवडे, रोज सकाळी, डॉक्टर खाटेशी थांबायचे, हे सगळं मी सांगून टाकणार होते. पण त्यांनी विचारलं नाही. ते चांगले गृहस्थ होते, आणि चांगल्या माणसांना असला हिशेब पुरा करवत नाही. ते गाठोड्याकडे बघायला लागले आणि त्यांना एकदम राग आला. माझा नाही, तिचा.

"एवढी कसली भीती? तुम्ही गेलातच ना टेबलावर? बाकीच्या गेल्या ना? थोडा धीर धरायला काय झालं होतं? दोन महिने दुखलं असतं. स्वतःचं जाऊ दे, पोरीचा तरी विचार करायचा होता. नऊ वर्षांची पोर घरी वाट बघतेय, आणि ही..."

ते थांबले. तोंडून गेलेलं त्यांना मागाहून ऐकू आलं. तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं, आणि हात गाठोड्यावर पालथे पडून राहिले.

माळाच्या पार टोकाला एस.टी.ची धूळ दिसायला लागली होती. तिथून फाटकापर्यंत यायला तिला दहा मिनिटं लागत. तिनं पोरीचाच विचार केला होता, हे त्या माणसाला सांगायला मला दहा मिनिटं होती. मी धुळीकडे बघत बसले.

एस.टी. आली. मी त्यांना गाठोडं वर चढवून दिलं.